शेंड्याकडचं अर्धं कणीस

सुमनताई,

दहाव्याच्या दिवशी तुमच्या भाच्यानं मला विचारलं, "आपण कोण?"

अगदी सभ्यपणे विचारलं हो. बंगळूरहून आलेला, डोळ्यांत झोप साचलेली, नदीच्या घाटावर ऊन तापलेलं आणि आलेल्या माणसांना बसवायचं कुठे या काळजीत तो. मी तोंड उघडायच्या आत तुमच्या शेजारच्या पाटणकरकाकू म्हणाल्या, "या पूर्वी सुमनकडे कॉट बेसिसवर राहायच्या." भाचा "अच्छा, अच्छा" म्हणाला आणि पाण्याच्या बाटल्या बघायला गेला.

त्यात खोटं काहीच नव्हतं. एक खाट, एक कपाट, सकाळी अर्धी बादली गरम पाणी. कसब्यात तुमच्याकडे माझं एवढंच होतं आणि त्याचं भाडं मी महिन्याच्या महिन्याला देत होते. तुमचं सुतक मला नाही. पाळायचं म्हटलं तरी कोणत्या नात्यानं पाळू? ऑफिसात रजा टाकताना कारण काय लिहायचं यावर मी बराच वेळ अडले होते.

तुम्हाला मात्र ही अडचण कधी आली नाही. डॉक्टरांकडे, बँकेत, रिक्षावाल्याजवळसुद्धा, कुणी "ही मुलगी का तुमची?" असं विचारलं की तुम्ही म्हणायचात, "माझ्याकडे राहते." खराडीला माझं स्वतःचं घर झालं, लग्न झालं, लेक तनया शाळेत जायला लागली, तरी तेच. "माझ्याकडे राहते." एकदा दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी म्हटलं, "अहो ताई, मी आता राहत नाही तुमच्याकडे." तुम्ही काठी टेकत म्हणालात, "मग कुठे राहतेस? रस्त्यावर?"

हेच वाक्य मला घाटावर भाच्याला सांगायचं होतं. जमलं नाही.

मी आले तेव्हा तुम्ही टेलिफोनमध्ये होतात, ट्रंक कॉलच्या बुकिंगला. लग्न केलेलं नव्हतं. बोलणं असं, जणू समोरच्याची तीन मिनिटं संपत आली आहेत. मी अकोल्याकडची. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर आणि ही गोष्ट मी आजही कुणी न विचारता सांगते. तुम्हालाही पहिल्याच संध्याकाळी सांगितली. तुम्ही म्हणालात, "सांगितलंस. मघाशी ट्रंक उतरवतानाही सांगितलंस."

मी तुम्हाला काकू म्हटलं. "काका दिसतायत का कुठे?" मावशी म्हटलं. "तुझ्या आईला मी पाहिलेलंही नाही." शेवटी सुमनताईवर तडजोड झाली.

खोलीच्या दाराला आतून तुमच्या अक्षरातला कागद होता. खोलीत शेगडी, हीटर, इस्त्री चालणार नाही. पाहुणे चालणार नाहीत. कारणे सांगितली जाणार नाहीत.

मी बुधवारात कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. परत येताना मंडईत कणसांचा ढीग दिसला. हिरवी पानं, तांबूस केस, आणि त्या वासानं मला आमचं अंगण आठवलं. एकच घेतलं. कॉइलची एक शेगडी मी ट्रंकेच्या तळाशी लपवून आणली होती. दार लावलं, कणीस सोलून तापलेल्या तारेवर ठेवलं आणि उलटायला म्हणून लोखंडी झारा घातला. फट्‌ करून आवाज झाला आणि आख्ख्या मजल्याचे दिवे गेले. प्रत्येक घरात मालिका चालू होती त्या वेळेला.

तुम्ही टॉर्च घेऊन दारात उभ्या.

"काय पेटवलंस?"

"काही नाही."

"काही नाहीचा वास येतोय."

टॉर्च कणसावर आली. एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं हिरवं कच्चं.

"कणीस?"

"भुट्टा," मी म्हटलं. आमच्याकडे भुट्टाच म्हणतात, आणि पकडले गेले असले तरी शब्द बदलायची माझी तयारी नव्हती.

"नाव काहीही असू दे. कॉइलवर भाजतात का ते? स्वयंपाकघरात गॅस कशाला ठेवलाय मग? चल."

"पण नियम..."

"नियम खोलीला आहे. स्वयंपाकघराला लावलाय का कागद?"

जिन्यातून पाटणकरकाकू ओरडल्या, "सुमन, तुझ्याकडचेही गेले का गं?" तुम्ही आवाज जराही न हलवता म्हणालात, "हो ना. हल्ली दिव्यांचं काही खरं नाही." मी थक्क होऊन बघत राहिले. "खोटं बोललात?" तुम्ही पापड भाजायची जाळी बर्नरवर ठेवत म्हणालात, "आयुष्य 'लाइन बिझी आहे' म्हणण्यात गेलं. हे काय मोठं?"

मग त्या अंधारात, गॅसच्या निळ्या उजेडात, तुम्ही माझं बिघडलेलं कणीस सुधारलंत. कच्ची बाजू खाली, आच बारीक, दाणा तडतडला की जरासं फिरवायचं. घाई केली की वरून काळं आणि आत पिठूळ, असं म्हणालात. लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून कणसावरून घासलीत. फडक्यात धरून मधोमध मोडलंत. बुडख्याकडचा जाड, भरल्या दाण्यांचा तुकडा मला दिलात आणि शेंड्याकडचा, बारीक विरळ दाण्यांचा, स्वतः घेतलात.

तिथंच आपलं भांडण सुरू झालं आणि ते तुमच्या-माझ्यात शेवटपर्यंत राहिलं.

मी म्हटलं, "मोठा तुकडा तुम्ही घ्या. गॅस तुमचा आहे."

"कणीस तुझं आहे."

"मला उपकार नकोत."

"उपकार कसला? मला शेंडा आवडतो. कोवळा असतो."

तुम्हाला वाटलं, विषय संपला. पण हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले होते. आमच्याकडे चुलीच्या निखाऱ्यांतून भुट्टे निघाले की बुडखे बाबांना आणि भावाला, मी हट्टानं मागितलं तर मला, आणि राहिलेले शेंडे आईला. विचारलं की आई म्हणायची, "मले शेंडाच गोड लागते, माय." शेंडा, भाकरीचा करपलेला काठ, दुधाच्या पातेल्याला चिकटलेली साय, सगळं तिला आवडायचं. मी शिकले ते या आवडींच्या बाहेर पडायला. आणि इथे पुण्यात एक बाई, स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या घरात, कुणाच्या ताटावर अवलंबून नसलेली, तेच वाक्य म्हणत होती.

"तुम्हाला कोण सांगणार आहे हो शेंडा खा म्हणून? घरात पुरुष नाही, सासू नाही."

"म्हणूनच तर सुखानं खाते."

"खोटं बोलताय."

"बरं, खोटं. खा आता, गार होतंय."

पावसाळाभर दर आठवड्याला कणीस होऊ लागलं. पद्धतीवरून आपण कधीच जुळलो नाही. मी म्हणायचे गॅसवरच्या कणसाला गॅसचाच वास येतो, निखाऱ्यात पानांसकट पुरलं पाहिजे. तुम्ही म्हणायचात, "कसब्यात दुसऱ्या मजल्यावर चूल मांड आणि मला बोलाव." मी उकडताना पाण्यात मीठ घालायचे, तुम्ही म्हणायचात मिठानं दाणा कडक होतो, मीठ नंतर. दाण्याला नख लावून दूध बघायला मी तुम्हाला शिकवलं, हे मात्र तुम्ही कबूल केलंत, आणि मंडईत सगळ्या गाड्यांवर नखं लावून बोलणी खाल्लीत. दोन कणसं आणली तरी तुम्ही एक उद्यासाठी ठेवायचात आणि एक मोडायचात. एका वेळी एकच. कारण विचारायची सोय नव्हती.

आणि दर वेळी बुडखा माझ्या ताटलीत. मी अदलाबदल करायचे. तुम्ही पाणी आणायला मला उठवून पुन्हा बदलायचात. एकदा मी आधीच बुडखा चावून ठेवला तुमच्या ताटलीत, म्हणजे परत देता येणार नाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, "उष्टं चालत नाही मला," आणि माझ्या पुढ्यातला शेंडा उचलून घेतलात. त्याच दिवशी सकाळी माझ्या कपातला उरलेला चहा तुम्ही पिऊन टाकला होतात.

मला नोकरी लागली. गळ्यात ओळखपत्र, दाराशी कंपनीची गाडी. तुमच्याकडे त्याच सुमाराला उलटं चाललं होतं. एक्स्चेंज बदललं, लोक थेट नंबर लावू लागले, ट्रंकच्या टेबलांवर धूळ बसली, आणि तुम्ही मुदतीआधी घरी बसलात. मी हळहळले. तुम्ही म्हणालात, "बरंय. आता लोक स्वतःच नंबर फिरवतात आणि स्वतःच चुकतात." त्यानंतर बरेच दिवस फोन वाजला की तुम्ही हात पुढे करायचात आणि मग रिसीव्हर मलाच उचलू द्यायचात. त्याबद्दल आपण बोललो नाही. बोलायला हवं होतं, असं आता वाटतं.

नव्या सुपरमार्केटातून मी एकदा स्वीट कॉर्न आणलं. पानं काढलेलं, केस काढलेलं, ट्रेमध्ये प्लास्टिकच्या आवरणात झोपवलेलं. तुम्ही ते हातात फिरवून पाहिलंत.

"सोललेलं कणीस विकत आणलंस? उद्या चावलेलं आणशील."

तरी कुकरला लावलंत. एक घास खाल्लात. "गोड आहे. जिलबीही गोड असते." मग टोकाकडे बघितलंत. "याचा शेंडा कुठे गेला?"

"कापून टाकतात. पॅकिंगमध्ये बसायला."

"मग तुझं भांडणच मिटलं की."

खरंच मिटलं. दोन्ही तुकडे सारखे होते. आपण समोरासमोर बसून न भांडता खाल्लं. तुम्ही तुमचा अर्ध्यावर ठेवून दिलात. मी म्हटलं, "बघा, शेंडा खरंच आवडत असला पाहिजे तुम्हाला." तुम्ही म्हणालात, "किंवा हे कणीस आवडलेलं नाही." वकील व्हायला हवं होतात तुम्ही.

लग्न ठरलं तेव्हा मी खोली सोडली. सामान नेताना तुम्ही दाराचा कागद काढला नाहीत. पुढच्या महिन्यात भेटायला आले तर खाट तशीच, माझी चादर धुऊन घातलेली. नंतरही दुसरी मुलगी आली नाही. कसब्यात कॉटसाठी पोरी दारोदार फिरत होत्या, तुम्हाला भाड्याची गरज नव्हती असंही नाही. मी विचारलं, "ठेवत का नाही कुणाला?" तुम्ही नुसतं दाराच्या कागदाकडे बोट केलंत. शेवटची ओळ.

सुमनताई, तेव्हा मला तुमचं हे सगळं का टोचायचं, ते आता सांगते. शेंडा तुम्हाला आवडत असेल, तर मी तुमची भाडेकरू होते. दोघींना आपापल्या आवडीचं मिळालं, फिटंफाट. पण आवडत नसेल, तर तुम्ही इतकी वर्षं स्वतःच्या तोंडचा घास मला दिलात, आणि तो मी कशाच्या बदल्यात घेतला ते मला सांगता येत नव्हतं. मी कष्टानं शिकलेली. कुणाचं काही फुकट घ्यायचं नाही, हा माझा ताठा. म्हणून मला तुमच्या तोंडून एकदा पक्कं ऐकायचं होतं. आवडतो, शप्पथ आवडतो.

आता उलटं झालंय. आता मला दुसरं उत्तर हवंय, आणि द्यायला तुम्ही नाही.

या श्रावणात आले तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठत नव्हतात. मी ओट्याशी उभी राहून कणीस भाजलं, तुम्ही बाहेरून सूचना देत होतात. "आच कमी कर. ऐकू येतंय मला तडतडणं." मोडलं. मी मुद्दाम विचारलं, "कुठला देऊ?"

"शेंडा. कवळी बसल्यापासून तेवढाच चावतो. आणि हा पुरावा धरू नकोस."

"मी कवळीच्या आधीचं विचारतेय. आता तरी खरं सांगा."

"आधीचं विसरले मी."

"खोटं."

"बरं, खोटं," म्हणालात आणि एकेक दाणा सुटा करून खात राहिलात. खिडकीतून खालच्या गल्लीतला आवाज येत होता. तुम्ही हात पुसलेत, माझ्या मनगटावर थोपटलंत, फार नाही, दोनदाच, आणि म्हणालात, "तनयाला घेऊन ये पुढच्या वेळी. तिला भाजता येतं का?" मी म्हटलं, "तिला मायक्रोवेव्ह येतो." तुम्ही डोळे मिटलेत. "अरे देवा."

पुढची वेळ आली नाही. पाटणकरकाकूंचा फोन आला, आणि मी पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

दहाव्यानंतर घरी आलो तेव्हा नाशिकच्या तुमच्या थोरल्या बहिणीजवळ मी बसले. त्या मला ओळखत नव्हत्या, पण तुमच्यासारखाच आवाज, तुमच्यासारखंच तोडून बोलणं, त्यामुळे मला धीर आला. मी विचारलं, "सुमनताईंना कणसाचा शेंडा आवडायचा का हो, लहानपणी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू या बाईला दुःखानं काहीतरी झालंय. मग म्हणाल्या, "शेंडा? छे. बुडखे भावांना आणि शेंडे आम्हा मुलींना. मी गप खायचे. सुमी ताटली ढकलून द्यायची. एकदा शेंडा अंगणात फेकला म्हणून वडिलांनी जेवायला दिलं नव्हतं तिला."

त्याच पुढे म्हणाल्या, "अर्थात, ती फेकायची सगळंच. तिचं काही सांगता यायचं नाही."

म्हणजे बघा. साक्षीदारही तुमच्याच घराण्यातला.

भाचा आवराआवर करत होता. माझ्या खोलीतल्या खाटेवर चादर धुतलेली होती, कोपरे नीट खोचलेले. कधी घातलीत तुम्ही ती? खुर्चीतून उठत नव्हतात ना? की कामवाल्या बाईकडून दर आठवड्याला घालून घेत होतात? भाचा दारात येऊन म्हणाला, "आठवण म्हणून काही हवं असेल तर घ्या ना, काकू." मी म्हटलं, "पापडाची जाळी घेऊ?" त्याला वाटलं मी संकोच करतेय. "अहो, चांगलं काही घ्या." मी जाळीच घेतली. दाराचा कागद घ्यायचा मोह झाला, पण तो तुम्ही काढला नव्हतात, मी कशी काढू? जिन्यात तो म्हणाला, "तुम्ही इथं बरीच वर्षं राहत होतात वाटतं?"

तेव्हा मात्र जमलं. "राहते," मी म्हटलं. "मी त्यांच्याकडे राहते."

तो गोंधळला. समजावून सांगायला मी थांबले नाही.

काल संध्याकाळी खराडीच्या बाजारात गावरान कणसं दिसली. नख लावून बघितलं, गाडीवाला ओरडला. घरी येऊन तुमची जाळी बर्नरवर ठेवली. तनया कॉलेजातून आली होती, मोबाईलवर मैत्रिणीशी बोलत ओट्याला टेकून उभी राहिली. दाणे तडतडायला लागले तशी म्हणाली, "थांब, नंतर करते," आणि फोन ठेवला. मी लिंबू घासलं, फडक्यात धरलं, मोडलं. कणसं दोन होती. दुसरं मी उद्यासाठी ठेवलं.

बुडखा तिच्या ताटलीत गेला. खरंच सांगते, मी ठरवलं नव्हतं. हात आपोआप तिकडे गेला. लेकीला शेंडा द्यायचा नाही आणि स्वतःही खायचा नाही, ही शप्पथ मी तिच्या जन्माआधी घेतली होती, त्यातली अर्धी पाळली गेली आणि अर्धी मोडली.

तिनं बघितलंही नाही कुठला तुकडा आहे. उभ्याउभ्याच खायला लागली, हनुवटीला काळं लागलं. "भारी झालंय गं." मी तिच्याकडे बघत माझा तुकडा खाल्ला. बारीक, विरळ, दुधाळ दाणे. गोड लागले, सुमनताई. दाणे कोवळे होते म्हणून, की ती पोट भरून खात होती म्हणून, ते मी पुन्हा पुन्हा चावून बघितलं. वेगळं काढता येईना. तुम्हालाही येत नसेल. म्हणून तुम्ही आवडतो म्हणालात तेही चालून जायचं आणि खोटं म्हणालात तेही.

खाऊन झाल्यावर तनयाची नजर माझ्या ताटलीकडे गेली.

"तू शेंडा का घेतलास? तू तर शेंड्यावरून सुमनआजीशी भांडतेस."

"मला आवडतो," मी म्हटलं. "कोवळा असतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझीच पोर ती.

"खोटं बोलतेस."

"बरं, खोटं," मी म्हटलं, आणि जाळी धुवायला घेतली.